सोमवारचे सतरा गुण

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात. तलवारींचं ठाऊक नाही. पण एका संगणकात प्रोग्रॅम लिहायच्या एकाच भाषेच्या दोन आवृत्त्या राहतात आणि चांगल्या नांदतात. फक्त त्या नांदवायला कुणी घेतल्या ह्यावर सगळं अवलंबून असतं. मंदाकिनीबाईंच्या घरात त्या त्यांच्या यजमानांनी, श्रीधररावांनी, नांदवायला घेतल्या. पुढं जे झालं त्याचा दोष मंदाकिनीबाई कुणालाच देत नाहीत. श्रावणात कुणाला दोष द्यायचा नाही असा त्यांचा नेम आहे. भाद्रपदात बघू, असं त्या म्हणतात.

झालं ते असं. त्यांची सोसायटी येरवडा ओलांडून धानोरीकडे जाताना लागते. आज जिथं तिचं पार्किंग आहे तिथं पूर्वी संपतरावांची ज्वारी उभी असायची. जमीन बिल्डरला दिली, बदल्यात तळमजल्यावर घरं घेतली, चेअरमनपद आपोआप मागून चालत आलं, पण अजूनही कुणी गाडी आडवी लावली की संपतराव गॅलरीतून ओरडतात, “ओ साहेब, आमच्या ज्वारीतनं काढा ती!” तर ह्या ज्वारीत पाण्याची बोंब होती. पुढच्या इमारतीत नळ धो धो वाहायचे आणि मागच्या इमारतीत नळ नुसता सुस्कारे टाकायचा. कुठला वॉल्व किती वेळ उघडायचा ह्यावर प्रत्येक सभेत भांडण व्हायचं. श्रीधरराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. एका सभेत ते उभे राहिले आणि म्हणाले, “आम्ही अख्खा कालवा सांभाळलाय. तुमची ही टाकी म्हणजे आम्हाला आचमनाची पळी.”

सभेनं टाळ्या वाजवल्या. पुण्यात माणसाला कामाला लावायचं असेल तर टाळीसारखं स्वस्त साधन नाही.

कालव्याचे दरवाजे किती वेळ उघडे ठेवायचे हे सांगणारा एक प्रोग्रॅम श्रीधररावांच्या कचेरीत होता. तोच आणायचा, दरवाज्यांच्या जागी वॉल्व घालायचे आणि सोसायटीचं भलं करायचं, असा त्यांचा बेत. खरं म्हणजे मंदाकिनीबाईंनी तसला प्रोग्रॅम दुपारच्या चहाच्या आत लिहून दिला असता. बँकेच्या संगणक विभागात त्यांची नोकरी झालेली. घरातला संगणक त्यांचाच, त्यावरची ती भाषा त्यांनीच बसवलेली, आणि तिच्यात लिहिलेला त्यांचा गुणमेलनाचा प्रोग्रॅम तर धानोरीपासून मंडईपर्यंत नावाजलेला. मुलामुलीच्या जन्मवेळा द्या, कळ दाबा, छत्तीसपैकी किती गुण जुळले ते समोर. पण पाण्याच्या कामी त्यांना कुणी विचारलं नाही, आणि विचारल्याशिवाय सांगायचं नाही हाही त्यांचा एक नेम होता. तो त्यांना बाकीच्या सगळ्या उपासांपेक्षा जड जायचा.

श्रीधरराव स्वारगेटपलीकडच्या जुन्या कचेरीत गेले. तिथं अभिलेख सांभाळणाऱ्या विजयमालाबाईंनी त्यांना ओळखलं, पाणी विचारलं आणि म्हणाल्या, “साहेब, तुमच्या वेळचं सगळं निर्लेखित झालंय.”

“म्हणजे टाकूनच देणार ना? मग मला द्या.”

“टाकता कुठं येतं? निर्लेखित वस्तू लिलावात निघते. तुमचा प्रोग्रॅम आठव्या लॉटमध्ये आहे.”

“बरं, तो द्या.”

“नुसता नाही देता येत. लॉट फोडता येत नाही, साहेब. नियम तुमच्याच सहीनं निघालेला आहे.”

आठव्या लॉटमध्ये प्रोग्रॅमची एक सीडी आणि हात मोडलेल्या दोन खुर्च्या होत्या. श्रीधरराव रिक्षातून एक खुर्ची मांडीवर आणि एक टपाला बांधून घरी आले. सोसायटीच्या दारात मुनव्वरभाई उभे होते. तळमजल्यावर राहतात, नाक्यावर त्यांचं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. खुर्च्यांकडे बघून ते अदबीनं म्हणाले, “श्रीधरसाहेब, संगणकाचे स्पेअर पार्ट आणलेत वाटतं.”

सीडी घातली. प्रोग्रॅम पहिल्याच ओळीत लाल अक्षरांत रुसला. कारण साधं होतं. तो जुन्या आवृत्तीत लिहिलेला आणि मंदाकिनीबाईंकडे होती नवी. दोघींचं कूळ एक, देव एक, बोलणंही बरंचसं एक. पण जुनीला जे चालतं ते नवीला चालत नाही. जावाजावांत असतं तसं.

ही बातमी जिन्यातून खाली उतरेपर्यंत तिला सल्ले फुटले. कुणी म्हणालं, नवी काढून जुनी टाका. कुणी म्हणालं, दुसरा संगणक घ्या. एका शेजाऱ्यांनी तर, आपण स्वतः संगणकाला हात लावत नसल्यामुळे तटस्थपणे सांगू शकतो, अशी प्रस्तावना करून बराच वेळ तटस्थपणे सांगितलं. संपतराव म्हणाले, “आवो, दोन बैलं एका दावणीला बांधतोच की आपण. गव्हाण तेवढी येगळी पायजे.”

मुनव्वरभाईंनी तेच दुकानदाराच्या भाषेत सांगितलं. “दोन्ही राहतील साहेब, पण दोघींना वेगळं बिऱ्हाड करून द्या. नाहीतर कसं होतं, तुम्ही नुसती ‘सूनबाई’ म्हणून हाक मारता, आणि जी दाराजवळ बसलेली असते ती ‘ओ’ देते. जुनी बसवताना ती विचारेल, ‘आजपासून मी मुख्य का?’ तिथं नाही म्हणा. एवढं एकच लक्षात ठेवा.”

“हो हो,” श्रीधरराव म्हणाले. ते बाकी सगळं लक्षात ठेवून घरी आले.

रविवारी दुपारी त्यांनी जुनी आवृत्ती बसवली. मंदाकिनीबाई तेव्हा मंडईत बेल आणि फुलं आणायला गेल्या होत्या. मधेच पडद्यावर एक चौकट आली आणि तिनं नम्रपणे विचारलं, की आजपासून मला मुख्य समजावं का? घरात इतक्या वर्षांनी कुणीतरी श्रीधररावांची परवानगी मागत होतं. त्यांनी ती उदार मनानं दिली.

प्रोग्रॅम चालला. वॉल्वचे आकडे आले. संध्याकाळी श्रीधरराव पार्किंगमधून असे हिंडून आले की जणू धरणाचं जलपूजन करून परतताहेत. मंदाकिनीबाईंनी विचारलं, “अहो, माझ्या कशाला हात नाही ना लावलात?”

“तुझं जिथल्या तिथं आहे. मी फक्त शेजारी थोडी जागा घेतली.”

त्या निश्चिंत झाल्या. बायकांचं हेच चुकतं.

आता सोमवारचं सांगितलं पाहिजे. श्रावणी सोमवारी मंदाकिनीबाईंचं मौन असतं. सकाळच्या स्नानापासून दिवेलागणीपर्यंत अक्षर नाही. हे व्रत त्यांना माहेरच्या आत्यानं दिलं, आणि देताना बजावलं होतं, “पाटीवर लिहून दाखवायचं नाही हो. ते मौन नव्हे, ते टपाल.” तेव्हापासून सोमवारी लिहिणंही बंद. लग्नानंतर एकही श्रावणी सोमवार त्यांनी मोडला नव्हता. एकदा तर दूध उतू जात होतं आणि श्रीधरराव शेजारी वर्तमानपत्र वाचत बसले होते, तरी नाही.

राहिल्या खुणा. श्रीधररावांचा असा समज होता की बायकोच्या खुणा आपल्याइतक्या कुणालाच कळत नाहीत. प्रत्यक्षात त्यांना एकच खूण कळायची, चहाची. आणि बाकीच्या सगळ्या खुणांचा अर्थही ते चहाच लावायचे.

आणि नेमका ह्याच सोमवारी शालूचा निकाल होता.

शालू संपतरावांची मुलगी. खराडीला कंपनीत कामाला. तिथंच तिनं मुलगा पसंत केला. फुरसुंगीचा मच्छिंद्र, कंपनीत त्याला मॅक म्हणतात. मुलगा चांगला, घर चांगलं, जातगोत जुळलेलं, संपतराव राजी. अडलं होतं मुलाच्या आजीपाशी. मथुराबाईंनी सांगून टाकलं होतं, “अठराच्या खाली गुण आलं तर लगीन न्हाई. माझ्या धाकट्याचं सतरावर केलं, त्यो आजून सासुरवाडीला राहतोय.” शिवाय त्यांचा कागदावर विश्वास नव्हता, भटजीवर तर त्याहून नव्हता. यंत्र स्वतः बोलताना डोळ्यांनी बघणार, आणि तेही श्रावणी सोमवारीच, असा त्यांचा हट्ट.

शनिवारी शालू वर आली होती. मंदाकिनीबाईंनी तिच्यासमोरच कळ दाबली. अठरा आले. अगदी काठावर, पण अठरा. पोरीनं डोळे मिटून हात जोडले. मग म्हणाली, “काकू, सोमवारी पण हेच येईल ना? प्लीज, काहीतरी करा पण अठरा आणा.”

“मी आणत नाही गं, मोजते,” मंदाकिनीबाई म्हणाल्या. “जे आहे ते सोमवारीही तेच असणार. तुझे काका नुसती कळ दाबतील. मी गप्प बसायची आहे तेवढी.”

सोमवारी अकराच्या सुमाराला सगळे वर आले. पुढं मथुराबाई, नऊवारी, कपाळाला रुपयाएवढं कुंकू. मागं मच्छिंद्र, त्याच्या मागं संपतराव, आणि दाराच्या चौकटीला धरून शालू. खिचडीचा वास खाली गेला असावा, कारण मुनव्वरभाईही ‘सहज’ आले. मथुराबाईंना आठव्या लॉटमधली एक खुर्ची मिळाली. त्यांनी आधी संगणकाला हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या आणि मग म्हणाल्या, “हं, बोलू दे त्याला.”

श्रीधररावांनी चष्मा पुसला, जन्मवेळा तपासल्या आणि नेहमीच्या चित्रावर दोनदा टिचकी मारली. “पाहा हं, आजी. ह्याला वशिला चालत नाही.”

पडद्यावर आलं : सतरा.

मंदाकिनीबाईंना बोलायची सोय नव्हती. त्यांनी पुढं वाकून बघितलं. सतरा. शनिवारचे तारे सोमवारी हलत नाहीत. मग त्यांची नजर त्या चित्राशेजारी रविवारी उगवलेल्या दुसऱ्या चित्राकडे गेली आणि त्यांना लख्ख दिसलं, काय झालंय ते.

जुनी आवृत्ती आणि नवी आवृत्ती ह्यांच्यात एक फरक आहे. नवीला तिनाचे दोन भाग करायला सांगितले की ती दीड म्हणते. जुनी म्हणते एक. वरचा अर्धा ती टाकून देते, आणि टाकला म्हणून सांगतही नाही. तिच्या पिढीला तेच वळण. आणि गुणमेलनात तर अर्धे असतातच. शालू-मच्छिंद्रच्या जोडीत तारेचा दीड गुण होता, ग्रहमैत्रीचा अर्धा. दीडाचा झाला एक, अर्ध्याचं झालं शून्य. दोन ठिकाणचे दोन अर्धे मिळून पोरीचा एक गुण, तोच गेला होता. हाक मारली होती नवीला. दाराजवळ बसली होती जुनी.

मंदाकिनीबाईंनी जोरात मान हलवली. नाही, नाही.

“पाहिलंत?” श्रीधरराव खेदानं म्हणाले. “मंदा पण नाही म्हणतेय. जुळत नाही.”

शालूनं चौकट सोडली. मंदाकिनीबाईंनी दोन बोटं वर केली. दोन आहेत, दोन, ह्याच्यात दोघी आहेत! मग तर्जनी मधोमध दुमडून दाखवली. अर्धा. अर्धा राहिला.

“दोन अर्धे,” श्रीधररावांनी तत्काळ उलगडा केला. “आजी, चहा घेणार ना तुम्ही? अर्धा अर्धा कप. उपासाला चालतो.”

मंदाकिनीबाईंनी कपाळावर हात मारला आणि सरळ नवऱ्याच्या छातीकडे बोट रोखलं.

“मलाही देतेय,” श्रीधरराव म्हणाले.

संपतराव खालच्या आवाजात म्हणाले, “वहिनी म्हणत्यात, नशिबाला हात लावून सोडून द्या.” मुनव्वरभाईंना काहीतरी वेगळा संशय आला होता, पण त्यांच्या तोंडात खिचडीचा घास होता, आणि दुसऱ्याच्या घरच्या शुभकार्यात भरल्या तोंडानं बोलू नये ही त्यांची रीत.

मथुराबाई मात्र टक लावून मंदाकिनीबाईंकडे बघत होत्या. “ह्या बाईला काय तरी सांगायचंय,” त्या म्हणाल्या. “गप बसल्याली बाई सांगाया लागली, की घरातली माणसं च्या ठेवत्यात. आमच्याबी घरात तसंच हाय.”

आता मंदाकिनीबाईंपुढं मोठाच धर्मविचार उभा राहिला. संगणकावर टंकणं हे लिहिणं की नाही? नवीला नावानं हाक मारायची तर तिचं नाव टंकलं पाहिजे, आणि लिहिणं म्हणजे आत्याच्या मते टपाल. म्हणजे गेलंच. पण माऊस? माऊस हलवणं हे काही बोलणं नव्हे. देव्हारा पुसताना हात हलतो, तसा तो हलतो. महादेव भोळा आहे. तेवढं चालवून घेईल.

त्या पुढं झाल्या, माऊस हाती घेतला आणि चित्रावर उजवी कळ दाबली. यंत्रानं विचारलं, कुणाकडून उघडू? खाली दोन नावं आली. दोन्ही सारखी, चित्रंही सारखी. आवृत्तीचा आकडा कुठंच नव्हता. जावांना एका रंगाची लुगडी नेसवून उभं करावं आणि थोरली ओळखा म्हणावं, तसं झालं. मंदाकिनीबाईंनी मनात ‘ॐ नमः शिवाय’ म्हटलं आणि वरच्या नावावर टिचकी मारली.

सतरा.

“दोनदा झालं,” मथुराबाई म्हणाल्या आणि खुर्चीच्या नसलेल्या हातावर जोर देऊन उठायला गेल्या. मच्छिंद्रनं सावरलं म्हणून बरं. “चला पोरा. कुणाची चूक न्हाई. देवानं दोनदा सांगितलं.”

“आजी, अगं पण…”

“पण न्हाई अन् परंतु न्हाई.”

मच्छिंद्र शालूकडे बघत राहिला. शालू कुणाकडेच बघत नव्हती. खालच्या नावावर टिचकी मारायला एक क्षण पुरला असता; पण त्याचा आता काय उपयोग, हे मंदाकिनीबाईंना कळत होतं. सतरा, सतरा आणि मग अठरा आले, तर म्हातारी म्हणणार, हवं ते येईपर्यंत बटणं दाबताहेत. यंत्राची साक्ष दोनदा होऊन गेली होती. आता सांगायचं तर माणसानंच सांगायला हवं होतं.

मथुराबाईंनी एक चप्पल घातली. दुसरीत बोट अडकलं.

मंदाकिनीबाईंनी देव्हाऱ्याकडे बघितलं. पिंडीवर सकाळचं बेलपान होतं. लग्न झाल्यापासूनचे सगळे सोमवार तिथं रांगेनं बसून आपल्याकडे बघताहेत असं त्यांना वाटलं. माहेरची आत्याही त्यांच्यात होती. मग त्यांनी शालूकडे बघितलं.

“थांबा,” त्या म्हणाल्या.

आवाज इतका बारीक आला की तो कुठून आला हे पहिल्यांदा कुणालाच कळलं नाही. श्रीधररावांनी तर रेडिओकडे पाहिलं.

“थांबा, आजी. गुण अठराच आहेत.” मंदाकिनीबाईंना एवढं बोलायलाही दम लागला. “ह्यांनी काल दुसरी आवृत्ती बसवली. ती अर्ध्याला मोजत नाही, टाकून देते. तारेचा दीड आहे, त्याचा तिनं एक केला. ग्रहमैत्रीचा अर्धा आहे, त्याचं काहीच केलं नाही. सोळा, वर दीड, वर अर्धा. झाले अठरा. मी शनिवारी मोजलेत, यंत्रावर आणि नंतर पंचांग घेऊन हातानंही. एका पैचीही फसवणूक नाही.”

“मंदा, अगं…” श्रीधरराव उठून उभे राहिले. “अगं, आज सोमवार आहे! तू बोलतेस!”

“कळतंय मला, अहो.”

“तुझं मौन…”

“मोडलं.” आणि त्यांच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. त्यांनी ते पदरानं टिपलं आणि मान खाली घातली.

मुनव्वरभाईंनी घास गिळला. “दीदी बरोबर बोलतात, आजी. मी साहेबांना सांगितलेलं, जुनीला मुख्य करू नका. थांबा, मी दाखवतो. आत्ता नवीकडून काढून देतो. एकच मिनिट.” ते संगणकापुढं बसले आणि भराभर टंकू लागले.

मथुराबाई दारातच उभ्या होत्या. एक पाय चपलेत, एक बाहेर. “कवापास्नं धरलंय हे?” त्यांनी विचारलं.

“लग्नाआधीपासून,” मंदाकिनीबाईंऐवजी श्रीधररावच म्हणाले. त्यांचा आवाज उतरला होता. “माझी आई गेली तो सोमवार होता. तेव्हाही नाही बोलली. नुसती हात धरून बसली होती.”

“आन् आज बोलली.”

“आज बोलली.”

“कुणाच्या पोरीपायी? सख्ख्या?”

“शेजारच्या.”

मथुराबाईंनी पाय चपलेतून काढला.

“आजी, हे बघा!” मुनव्वरभाई ओरडले. “आलं! अठरा! स्वच्छ अठरा!”

“बंद कर रं बाबा ते,” मथुराबाई वळूनही न बघता म्हणाल्या. “त्यानं दोन येळा सतरा म्हटलं, आता अठरा म्हणतंय, उद्या वीस म्हणंल. त्याचं काय जातंय? न्हाई त्याला उपास, न्हाई त्याला पाप. ह्या बाईचं गेलंय. येवढ्या वर्सांचं पुण्य खर्चून कुणी लबाड बोलत न्हाई.” मग त्या पुन्हा त्या हात मोडक्या खुर्चीत बसल्या, शालूला खूण करून जवळ बोलावलं आणि तिच्या हनुवटीला हात लावून म्हणाल्या, “अठरा हायेत. म्होरल्या श्रावणात शिवामूठ आमच्या म्हादेवाला व्हायची बरं का. आन् ह्या मॅकबिकला घरी मच्छिंद्रच म्हणायचं.”

संपतराव, ज्यांना कुणी कधी रडताना पाहिलं नव्हतं, गॅलरीत गेले आणि खाली कुणीही गाडी लावलेली नसताना ज्वारीतून काढा म्हणून ओरडले. मग खिचडी झाली, दही झालं, राजगिऱ्याचे लाडू झाले. अर्धा अर्धा कप चहाही झाला, कारण श्रीधररावांनी तो मघाशीच गॅसवर ठेवला होता आणि निम्मा आटला होता. मुनव्वरभाईंनी जाता जाता दोघींची वेगळी बिऱ्हाडं करून दिली. जुनीकडे पाणी, नवीकडे गुण. कुणी कुणाच्या चुलीपाशी जायचं नाही. “आता भांडणार नाहीत,” ते म्हणाले, “संगणकातल्या तरी.”

सगळे गेले. दुपारचं ऊन पिंडीपर्यंत आलं होतं. मंदाकिनीबाई देवापुढं बसल्या, अपराधांची क्षमा मागितली, बेलपान सरळ केलं. श्रीधरराव मागं घुटमळत होते. अपराधी माणूस घरात जितक्या वस्तू उचलून पुन्हा तिथंच ठेवतो, तितक्या त्यांनी उचलून ठेवल्या. शेवटी म्हणाले, “मंदा, ऐक ना. दिवेलागणीला अजून खूप वेळ आहे. आत्तापासून परत धरलंस तर? महादेव काही मिनिटं मोजत बसत नाही.”

मंदाकिनीबाईंनी त्यावर खरंच विचार केला. मग म्हणाल्या, “नाही हो. फुटलेल्या नारळाला शेंडी बांधून पुन्हा देवापुढं ठेवत नाहीत. आजचं मोडलं ते मोडलं. पुढच्या सोमवारी नव्यानं धरीन.”

“मग आज?”

“आज काय, आज बोलायला मोकळी आहे मी.” त्यांनी पदर खोचला, आठव्या लॉटमधली दुसरी खुर्ची ओढली आणि त्याच सौम्य, देवळात बोलल्यासारख्या आवाजात म्हणाल्या, “बसा इकडे. लग्न झाल्यापासून दर श्रावणी सोमवारी तुम्हाला काही ना काही सांगायचं राहून गेलंय. सगळं लक्षात आहे माझ्या. दूध उतू गेलं होतं, तिथून सुरुवात करते.”

श्रीधररावांनी काही म्हणण्यासाठी तोंड उघडलं. मंदाकिनीबाईंनी ओठांवर बोट ठेवलं.

ही खूण मात्र त्यांना बरोबर कळली. दिवेलागणीपर्यंत त्या घरात श्रावणी सोमवारचं मौन पाळलं गेलं. अक्षर नाही. चहाचंसुद्धा नाही.